घरापुढील विसाव्याची बाग

आमचे शेतकरी बंधू मळ्याची निगा उत्तम राखतात. परंतु घरापुढील दोन-चार गुंठे जागा कडबा, मोडकीं औतें व गवऱ्या यांस सोडून देतात. वास्तविक दमून आलेल्या माणसास विसावा व पाहुण्यास पहिलें स्वागत याच जागेंत मिळावयाचें असतें. सबब तिची आंखणी कशी करावी, हें येथें थोडक्यांत सांगतों.

प्रथम हद्द पाहावी. सन २०२० पासून स्वामित्व योजनेखालीं गांवठाणांची मोजणी ड्रोनच्या साहाय्यानें होऊन मिळकतपत्रिका दिल्या जात आहेत. हद्द निश्चित झाल्यावांचून कडेचें झाड लावूं नये. आज रोप वीतभर असतें. वीस वर्षांनीं त्याची फांदी शेजाऱ्याच्या कौलांवर जाते व फळें कोणाचीं, यावरून भाऊबंद कचेरीची पायरी चढतात. महसूल खात्याच्या नोकरींत असे तंटे मीं पुष्कळ पाहिले. मोठें झाड हद्दीपासून व भिंतीपासून दहा-बारा हात दूर असावें. वड, पिंपळ व उंबर यांचीं मुळें जोत्यांत शिरतात. तीं झाडें घराजवळ नकोत.

दुसरी गोष्ट सावली. उन्हाळ्यांत तिसऱ्या प्रहराचें ऊन पश्चिमेकडून येतें व तेंच अधिक पोळतें. म्हणून कडुनिंब किंवा बकुळीचें झाड अंगणाच्या पश्चिमेस लावावें. पूर्व बाजू मोकळी ठेवावी, म्हणजे थंडींत सकाळचें कोंवळें ऊन मिळतें. झाडाखालीं दगडी ओटा बांधावा. मात्र बुंध्याभोंवतीं दोन हात माती उघडी राखावी.

तिसरी गोष्ट पाणी. न्हाणीचें पाणी चरानें केळी, अळू व कर्दळ यांस द्यावें, पण सांचूं देऊं नये. सांचल्या पाण्यांत आठ-दहा दिवसांत डांस तयार होतात. मग संध्याकाळीं ओट्यावर कोण बसणार?

वाटेच्या दुतर्फा फुलझाडें असावीं. मोगरा उन्हाळ्यांत, प्राजक्त पावसाळ्याच्या अखेरीस व शेवंती थंडींत फुलते; त्यामुळें तिन्ही ऋतूंत अंगणांत फूल असतें. कण्हेर दिसावयास सुरेख, परंतु तिचें पान, फूल व चीक सर्व विषारी. गुरें व लहान मुलें वावरतात तेथें ती लावूं नये.

खड्डे उन्हाळ्यांत खणून तापूं द्यावे, शेणखत घालून भरावे व मृगाच्या सरींवर रोपें लावावीं. पहिलीं दोन वर्षें शेळ्यांपासून तीं राखलीं, तर पुढें खर्च थोडा व सुख पिढ्यांचें आहे.