ड्रायव्हर पिशवीतच राहू द्या!

गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा निवांत फेरफटका, असं कुणी म्हणालं की मी त्याला २००६च्या ब्रिटिश ओपनचं चित्रीकरण पाहायला बसवतो. माझ्या वेडाची सुरुवात तिथलीच.

आधी प्राथमिक माहिती उरकून घेऊ. प्रत्येक होलचा पहिला फटका ‘टी’वरून मारतात. समोर बारीक कापलेल्या गवताचा पट्टा तो फेअरवे, कडेचं वाढलेलं गवत म्हणजे रफ, वाळूचे खड्डे म्हणजे बंकर, आणि होलच्या खळग्याभोवतीचं गुळगुळीत गवत म्हणजे ग्रीन. पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब, त्यात सर्वात लांब पल्ल्याचा ड्रायव्हर, तर आयर्न कमी पल्ल्याचे, पण आवरायला सोपे. प्रत्येक होलसाठी ठरलेली फटक्यांची संख्या म्हणजे पार. चार दिवस, ७२ होल. सर्वात कमी फटके घेणारा जिंकला. झालं!

आता होयलेक, जिथे २००६चं ते ब्रिटिश ओपन झालं. लिव्हरपूलजवळच्या समुद्रकाठच्या या कोर्सवर त्या उन्हाळ्यात गवत करपून गेलं होतं, जमीन टणक झाली होती. चेंडू टेकला की धावतच सुटायचा. टायगर वुड्सने सरळ हिशेब मांडला. अशा जमिनीवर दोन नंबरच्या आयर्ननेही चेंडू पुरेसा लांब जातो, मग ड्रायव्हर मारून बंकरमध्ये कशाला जायचं? तिथले बंकर खोल आणि उभ्या भिंतींचे. चेंडू आत गेला, तर कित्येकदा आडवा किंवा चक्क मागेच काढावा लागतो. ७२ होलमध्ये त्याने ड्रायव्हर वापरला एकदाच, पहिल्या दिवशी सोळाव्या होलवर. टीवरून फेअरवे गाठण्याच्या ५६ संधींपैकी ४८ त्याने साधल्या. बदल्यात ग्रीनपर्यंतचा पुढचा फटका लांबून मारावा लागे. पण लांबून अचूक मारणं हीच तर त्याची खासियत! दुसऱ्या दिवशी चौदाव्या होलवर चार नंबरच्या आयर्नने त्याने चेंडू थेट होलमध्ये घातला. तो १८ अंडर पारवर, ख्रिस डिमार्कोपेक्षा दोन फटके पुढे राहून जिंकला. वडील मे महिन्यातच गेले होते. खेळ संपल्यावर पिशवी वाहणाऱ्या कॅडीच्या खांद्यावर डोकं ठेवून तो ढसाढसा रडला. हा प्रसंग मी आजही कोरड्या डोळ्यांनी पाहू शकत नाही.

त्याच्या महिनाभर आधी न्यूयॉर्कजवळच्या विंग्ड फूटवर फिल मिकेल्सन यूएस ओपनच्या शेवटच्या होलवर एका फटक्याने पुढे होता. त्याने ड्रायव्हर काढला. चेंडू पाहुण्यांच्या तंबूवर आदळला, त्या होलवर पारपेक्षा दोन फटके जास्त गेले आणि करंडक जेफ ओगिल्वीकडे.

इथवर युक्तीचाच विजय वाटतो. पण २०२०च्या यूएस ओपनमध्ये त्याच विंग्ड फूटवर ब्रायसन डीशॅम्बो जमेल तिथे पूर्ण ताकदीनिशी ड्रायव्हर मारत सुटला. ५६पैकी फेअरवे मिळाले फक्त २३, तरीही सहा फटक्यांनी जिंकला. पारच्या खाली राहिलेला तो एकटाच! कारण तिथले फेअरवे इतके अरुंद, की रफ कुणालाच चुकत नव्हतं. मग रफमध्येच जायचं, तर ग्रीनच्या जवळ जाऊन, हातात छोटा क्लब घेऊन का नाही? मार्क ब्रॉडी या कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापकाने हजारो फटक्यांच्या नोंदी तपासून हेच आकड्यांत दाखवलं आहे: अंतराचं मोल जुन्या जाणकारांना वाटायचं त्याहून जास्त आहे.

पण ब्रायसनचं गणित घेऊन दिल्लीत जाऊ नका. दिल्ली गोल्फ क्लबचा लोधी कोर्स मी हौसेने पाहून आलोय. मोर, जुने मकबरे, आणि दोन्हीकडे अशी दाट झाडी, की आत गेलेला चेंडू सापडला तरी मारायला जागा नाही. तिथे भलेभले ड्रायव्हरला हात लावायला कचरतात. ताकद कमी म्हणून बिचकणाऱ्यांनी आपल्या अदिती अशोककडे पाहावं. टोकियो ऑलिंपिकमध्ये टीवरून कमी अंतर मारणाऱ्यांत ती होती, पण पटिंगच्या, म्हणजे ग्रीनवरून चेंडू होलमध्ये घालण्याच्या, जोरावर चौथी आली.

माझं मत विचाराल, तर ताकद आणि युक्ती हा वादच खोटा. टायगर आणि ब्रायसन दोघांनी प्रश्न एकच विचारला: इथे चेंडू भरकटला, तर किती फटक्यांना पडेल? होयलेकचं उत्तर वेगळं, विंग्ड फूटचं वेगळं. तेव्हा पुढच्या वेळी गोल्फ बघाल, तेव्हा चेंडूआधी पिशवीकडे बघा. खेळाडू कुठला क्लब काढतो, यातच अर्धा सामना असतो.