सुटकेसमधली शंभर गाणी

‘गायडेड बाय व्हॉइसेस’ या अमेरिकी रॉक बँडचा ‘सुटकेस’ हा चार सीडींचा संच २००० साली निघाला. त्यात १०० गाणी आहेत. घरी टेपवर करून ठेवलेले कच्चे नमुने, अल्बममधून वगळलेली गाणी आणि अर्ध्यावर सोडून दिलेले प्रयत्न असा हा सगळा अप्रकाशित ऐवज. बँडचा गायक आणि मुख्य गीतकार रॉबर्ट पोलार्ड अशा कॅसेटी वर्षानुवर्षे एका सुटकेसमध्ये टाकत आला होता. संचाचे नाव त्या सुटकेसवरूनच पडले. उपशीर्षकात तर फसलेले प्रयोग आणि मोडीत निघालेली विमाने यांचा उघडच उल्लेख आहे.

रॉक संगीतात दुर्मीळ गाण्यांचे संग्रह नवे नाहीत. एकल गाण्याच्या तबकडीची मागची बाजू म्हणजे ‘बी-साइड’. गाणे पक्के होण्याआधी केलेले कच्चे ध्वनिमुद्रण म्हणजे ‘डेमो’, आणि ध्वनिमुद्रित होऊनही अल्बममध्ये जागा न मिळालेले गाणे म्हणजे ‘आउटटेक’. असा विखुरलेला माल कंपन्या पुढे एकत्र करून विकतात. आर.ई.एम. या बँडचा ‘डेड लेटर ऑफिस’ (१९८७) प्रामुख्याने बी-साइडचा संग्रह होता. ‘पेव्हमेंट’ने १९९३ साली ‘वेस्टिंग’मध्ये आपल्या सुरुवातीच्या, मिळेनाशा झालेल्या छोट्या तबकड्या एकत्र आणल्या. अशा संग्रहांकडे सहसा बँडच्या मुख्य कामाची पुरवणी म्हणून पाहिले जाते. ‘सुटकेस’ला मात्र पुरवणी म्हणता येत नाही. याचे कारण या बँडच्या काम करण्याच्या पद्धतीत आहे.

ओहायो राज्यातले डेटन हे राइट बंधूंचे शहर. पोलार्डने तिथे १९८३ साली हा बँड सुरू केला. तो चौथीच्या वर्गाला शिकवणारा शाळामास्तर होता. सुमारे १४ वर्षे त्याने ही नोकरी केली. बँडमधली माणसे सतत बदलत राहिली. पोलार्डचा भाऊ जिम, गिटारवादक मिच मिचेल, ड्रमवादक केव्हिन फेनेल आणि स्वतःही गीतकार असलेला टोबिन स्प्राउट हे त्यातले महत्त्वाचे साथीदार. सुरुवातीचे अल्बम त्यांनी पदरमोड करून, मोजक्याच प्रतींत काढले. गावाबाहेर ते फारसे कुणाच्या कानावरही गेले नाहीत. १९९२ च्या ‘प्रॉपेलर’च्या ५०० प्रती काढल्या, तेव्हा प्रत्येक प्रतीचे वेष्टन हाताने वेगळे सजवले होते. पोलार्डच्या लेखी तो बँडचा शेवटचा अल्बम होता. पण त्या प्रती फिरत फिरत योग्य हातांत पोचल्या. क्लीव्हलंडच्या स्कॅट रेकॉर्ड्सने बँडला आसरा दिला, आणि १९९४ च्या ‘बी थाउजंड’ने त्याचे नाव देशभर केले. त्याच सुमारास पोलार्डने शाळेची नोकरी सोडली.

या अल्बमांच्या आवाजाला ‘लो-फाय’ म्हणजे कमी दर्जाच्या ध्वनिमुद्रणाचा आवाज म्हटले जाते. त्यामागे एक साधे यंत्र होते. साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्ट्या असतात, दोन एका बाजूसाठी आणि दोन दुसऱ्या बाजूसाठी. टॅस्कॅम कंपनीने १९७९ साली आणलेल्या ‘पोर्टास्टुडिओ’सारखी चार ट्रॅकची यंत्रे या चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरतात. त्यामुळे एकावर ड्रम, दुसरीवर गिटार, तिसरीवर गाणे असे थर एकामागून एक चढवता येतात. जागा संपली, की तीन पट्ट्यांवरचा आवाज चौथीवर एकत्र उतरवून घ्यायचा आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्या पुन्हा वापरायच्या. मात्र अशा प्रत्येक उतरवणीत फितीची सळसळ वाढते आणि बारकावे पुसट होतात. कित्येकदा पोलार्ड तेवढीही खटपट करत नसे. टेपरेकॉर्डर समोर ठेवायचा, गिटार घ्यायची आणि गाऊन मोकळे व्हायचे.

या पद्धतीमुळे गाणे सुचणे आणि ते ध्वनिमुद्रित होणे यांत अंतरच उरले नाही. मोठ्या कंपनीकडचा बँड आधी डेमो करतो. मग निर्माता त्यातली गाणी निवडतो आणि भाड्याच्या स्टुडिओत ती नव्याने वाजवली जातात. तिथे डेमो हा फक्त आराखडा असतो. डेटनच्या तळघरांत मात्र पहिल्यांदा वाजवलेले गाणेच बहुधा शेवटचे ठरे. चूक झाली तर तीही गाण्यात राही. ‘बी थाउजंड’च्या पहिल्याच गाण्यात गिटारचा आवाज मध्येच गळतो, आणि तो तसाच अल्बमवर आला. गाणी लहान, काही तर मिनिटभराचीही नाहीत. १९९५ च्या ‘एलियन लेन्स’मध्ये ४१ मिनिटांत २८ गाणी आहेत.

‘बी थाउजंड’ जुळवताना बँडने नव्या गाण्यांच्या जोडीला जुन्या टेपांवरचे तुकडेही वापरले. गाण्यांच्या याद्या आणि त्यांचा क्रम अनेकदा बदलला. आधीच्या त्या याद्यांची कल्पना देणारी तीन तबकड्यांची आवृत्ती स्कॅटने २००४ साली काढली. म्हणजे ज्याला बँडचा सर्वश्रेष्ठ अल्बम मानले जाते, तोही साठवलेल्या कॅसेटींमधून वेचूनच तयार झाला होता. अल्बममध्ये गेलेले गाणे आणि सुटकेसमध्ये राहिलेले गाणे यांच्या दर्जात किंवा घडणीत मूलभूत फरक नव्हता; फरक होता तो निवडीचा.

‘सुटकेस’ निघाला तेव्हा बँडची वाट उलट दिशेने चालली होती. १९९९ चा ‘डू द कोलॅप्स’ टीव्हीटी या कंपनीसाठी केलेला होता. त्याचा निर्माता होता ‘द कार्स’ या लोकप्रिय बँडचा रिक ओकासेक. आवाज स्वच्छ आणि घोटीव होता, रेडिओवर शोभेल असा. २००१ चा ‘आयसोलेशन ड्रिल्स’ही स्टुडिओतच घडला. ‘सुटकेस’ या दोघांच्या मधला. तो पोलार्डच्या स्वतःच्या ‘फेडिंग कॅप्टन सिरीज’ या मालिकेतून आला. या मालिकेत कंपनीच्या वेळापत्रकात न बसणारे काम तो १९९९ पासून प्रसिद्ध करत होता. एका बाजूला बाजारासाठी घासूनपुसून तयार केलेली गाणी आणि दुसऱ्या बाजूला धूळ न झटकताच बाहेर काढलेली जुनी टेप, असे दोन्ही व्यवहार एकाच वेळी सुरू होते.

संचातली सर्वांत गमतीची गोष्ट म्हणजे त्याची नामावली. प्रत्येक गाण्यापुढे वेगळ्याच बँडचे नाव छापले आहे, आणि ही सगळी नावे बनावट आहेत. याचे मूळ पोलार्डच्या लहानपणात सापडते. अस्तित्वातच नसलेल्या बँडची नावे, त्यांच्या अल्बमांची वेष्टने आणि गाण्यांच्या याद्या तयार करण्याचा नाद त्याला तेव्हापासून होता. पुढे बँडच्या अनेक वेष्टनांवर त्याचीच कोलाज चित्रे आली. बनावट नावांमुळे हा संच एका बँडच्या उरल्यासुरल्या मालासारखा वाटत नाही. कुणा हौशी संग्राहकाने गावोगावच्या अज्ञात बँडच्या तबकड्या जमवाव्यात, तसा तो वाटतो. गाणीही या बतावणीला साथ देतात. पॉप, पंक, सायकेडेलिया आणि प्रोग्रेसिव्ह रॉक या पोलार्डच्या चारही आवडी इथे सुट्या सुट्या भेटतात. कुठे सत्तरच्या दशकातल्या भारदस्त रॉकची नक्कल आहे, कुठे बीटल्सच्या वळणाची चाल, तर कुठे मित्रांनी मिळून घातलेला निव्वळ गोंधळ.

साहजिकच दर्जा सारखा नाही. सलग १०० गाणी ऐकणे हे चाहत्यालाही कष्टाचे काम आहे, आणि याची कल्पना प्रकाशकालाही असावी. त्याच वर्षी संचातून निवडलेल्या गाण्यांची ‘ड्रिंक्स अँड डिलिव्हरीज’ ही वेगळी तबकडी निघाली. नव्या श्रोत्याने सुरुवात ‘बी थाउजंड’ किंवा ‘एलियन लेन्स’पासून करावी आणि मग संचाकडे वळावे, हेच सोयीचे. अल्बम ऐकलेल्या कानाला इथे ओळखीच्या युक्त्या जाणवू लागतात. कडवे रंगात येताच गाणे तोडायचे, दोन अपुऱ्या चाली एकमेकींना जोडायच्या, विचित्र शीर्षक आधी ठरवून त्याभोवती शब्द रचायचे. जमलेल्या गाण्यात या युक्त्या लपून जातात, न जमलेल्या गाण्यात त्या उघड्या पडतात.

सुटकेस एका संचात रिकामी झाली नाही. २००५, २००९ आणि २०१५ साली आणखी तीन संच आले, प्रत्येकात पुन्हा १०० गाणी. चार संच मिळून ४०० गाणी होतात. या काळात बँड दोनदा थांबला आणि दोनदा नव्याने उभा राहिला. ३१ डिसेंबर २००४ ला शिकागोत निरोपाचा कार्यक्रम झाला. नव्वदच्या दशकातले साथीदार २०१० साली पुन्हा एकत्र आले, २०१४ साली पांगले. २०१६ पासून पोलार्डने वेगळ्या वादकांसह बँड पुन्हा सुरू केला. नियमित अल्बमांचा ओघही थांबला नाही. निवड करण्याआधी भरपूर निर्माण करायचे, आणि नाकारलेलेही जपून ठेवायचे, ही पोलार्डची रीत होती. चार संचांत त्या रीतीची जवळपास संपूर्ण नोंद मिळते.