निळ्या डोंगराच्या नावाचा तुडतुडा

भात कापणीला आलं, दिवाळी तोंडावर आली की पालघर-बोईसरकडे संध्याकाळी ट्यूबलाइटखाली बारीक किड्यांचा सडा पडतो. काही हिरवे, काही तपकिरी. कुणालाही विचारा, उत्तर एकच : तुडतुडे. आंब्याच्या मोहोरावर तेच, कापसावर तेच, भातावरही तेच. उडीवरून पडलेलं हे नाव गोड आहे; पण भातशेतीत या एकाच शब्दावर विसंबणं महागात पडतं, असं माझं ठाम मत आहे.

त्यातला तपकिरी तुडतुडा म्हणजे शास्त्राच्या भाषेत निलापर्वता ल्युजेन्स. १८५४ साली स्वीडनच्या कार्ल स्टोल यांनी जावा बेटावरच्या नमुन्यावरून त्याचं पहिलं वर्णन केलं आणि त्याला डेल्फॅक्स प्रजातीत बसवलं. स्टोल तेव्हा जेमतेम विशीचे. ल्युजेन्स या लॅटिन शब्दाचा अर्थ शोक करणारा. पुढे १९०६ मध्ये विल्यम डिस्टंट यांनी ब्रिटिश भारतातल्या प्राण्यांवरच्या ग्रंथमालेत श्रीलंकेतल्या एका वेगळ्या तुडतुड्यासाठी नवी प्रजाती उभी केली आणि तिला चक्क संस्कृत नाव दिलं, नीलपर्वत. त्याच वर्षी जपानच्या मात्सुमुरा यांनी ल्युजेन्सलाच ‘भाताचा’ अशा अर्थाचं आणखी एक नाव दिलं. पण आधीचं नाव ग्राह्य, हा नियम. ते मागे पडलं. १९२४ मध्ये म्यूर आणि गिफर्ड यांनी ल्युजेन्सला नीलपर्वताच्या घरात आणलं. म्हणून आजही या नावापुढे स्टोल हे नाव कंसात लिहितात. जातीचं घर बदललं, एवढं तो कंस सांगतो.

ओळखायला हा किडा सोपा नाही. एकाच जातीत काही लांब पंखांचे, उडणारे. काही आखूड पंखांचे, चुडातच राहणारे. नवख्याला या दोन जाती वाटतात. खरी खूण मागच्या पायावर असते. तिथे हलणारी एक आर दिसते, भिंग लावलं तर. हिरव्या तुडतुड्याच्या पायावर ती नसते, काट्यांच्या रांगा असतात. पाठीवर पांढरा पट्टा दिसला तर तो पांढऱ्या पाठीचा तुडतुडा, म्हणजे याचा चुलतभाऊ. अगदी जवळच्या जाती वेगळ्या करायच्या तर नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं.

या फरकावर पीक अवलंबून असतं. हिरवा पानावर बसतो आणि टुंग्रो रोग पसरवतो. तपकिरी मात्र बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर, रस शोषतो. मग शेतात गोल गोल चट्टे जळल्यासारखे वाळतात. वरवर फवारलेलं औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही, मरतात ते त्याला खाणारे कोळी. १९८६ मध्ये इंडोनेशियाने याच किड्यापायी भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. ज्या जावाने त्याला पहिलं नाव मिळवून दिलं, तिथेच हा धडा शिकावा लागला.

आपल्या वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तांदळाच्या नावासाठी इतकी धडपड आपण केली, मग त्याच्या शत्रूचं नावही नीट घेऊ या. पंप पाठीला लावण्याआधी चूड दोन्ही हातांनी बाजूला करा, बुंधा पाहा. शंका आली तर चार किडे बाटलीत घालून कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, आणि मगच औषध ठरवा.