उपग्रहाची नजर आणि उत्तनचा समुद्र

३१ जुलै २०११ रोजी ‘पवित’ नावाचे एक निर्मनुष्य तेलवाहू जहाज जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागले. महिनाभरापूर्वी ओमाननजीक खलाशांनी ते सोडले होते व ते बुडाले असावे असा समज होता. भर पावसाळ्यात अरबी समुद्रातून वाहत आलेले हे जहाज कोणाच्याही वेळीच लक्षात आले नाही. २००८ मध्ये दहशतवादी समुद्रमार्गेच मुंबईत उतरले होते. त्यानंतरही असे घडावे, यावरून सागरी देखरेखीची कठीणता ध्यानी येते.

आज या कामासाठी खासगी कंपन्यांच्या उपग्रहांची चित्रे विकत घेता येतात. ‘वर्ल्डव्ह्यू-३’सारखा उपग्रह सूर्यप्रकाशात सुमारे ३१ सेंटिमीटरपर्यंतचा तपशील टिपतो, मात्र रात्री आणि ढगांपुढे तो निरुपयोगी ठरतो. रडार-उपग्रह स्वतःच सूक्ष्मलहरी सोडतो आणि ढगांतूनही पाहतो. शांत पाणी त्या लहरी दूर परावर्तित करते, म्हणून समुद्र काळा दिसतो; जहाजाचे पोलाद त्या परत पाठवते, म्हणून जहाज शुभ्र ठिपक्यासारखे उमटते. फिनलंडच्या ‘आइसआय’ कंपनीचा असा पहिला छोटा उपग्रह जानेवारी २०१८ मध्ये आपल्या पीएसएलव्हीनेच श्रीहरिकोट्याहून अवकाशात नेला.

परंतु ठिपका आपले नाव सांगत नाही. मोठी जहाजे ‘एआयएस’ या यंत्रणेद्वारे आपली ओळख व स्थान प्रसारित करतात. चित्रातील ठिपके या संदेशांशी ताडून पाहिले की संदेश न देणारे जहाज वेगळे निघते. ‘नेचर’ नियतकालिकात २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जगातील सुमारे तीन-चतुर्थांश औद्योगिक मासेमारी जहाजे अशा सार्वजनिक नोंदींत दिसतच नव्हती.

येथेच भाईंदर पश्चिमेच्या उत्तन, पाली, चौक येथील कोळी बांधवांचा प्रश्न येतो. लाकडाची वा फायबरची लहान होडी रडारच्या चित्रात अंधूक उमटते, खवळलेल्या लाटांत तर हरवूनच जाते. शिवाय उपग्रह क्षणभराचेच चित्र टिपून पुढे सरकतो. संकटात सापडलेल्या होडीला त्याच्यावर विसंबता येत नाही. म्हणूनच ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे आरंभ झालेली, मासेमारी नौकांवर एक लाख ट्रान्सपॉन्डर बसविण्याची योजना महत्त्वाची आहे. इस्रोने विकसित केलेल्या या उपकरणाद्वारे खोल समुद्रातून मदतीचा संदेश धाडता येतो आणि किनाऱ्यावरून वादळाची सूचनाही मिळते.

उपग्रह परके जहाज शोधून देईल. आपला माणूस सुखरूप परतावा, यासाठी मात्र त्याचा आवाज किनाऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे. सागरी सुरक्षेला या दोन्ही गोष्टींची सारखीच गरज आहे.