पाच हजारांची तपासणी आणि तिसरा माणूस

साखरखेर्ड्याच्या बसस्टँडवर असो की सिंदखेडराजाच्या तहसीलच्या आवारात, सरकारी नोकरीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं. ‘त्यांना काय, दवाखाना फुकट!’ हे वाक्य इतक्या वेळा बोललं जातं, की नोकरीत नव्याने लागलेल्या पोरांनाही ते खरं वाटतं. पहिलं आजारपण आलं की मग जीव कासावीस होतो.

दवाखाना फुकट नसतो. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला मिळते ती खर्चाची प्रतिपूर्ती, आणि तिचा पाया 1961 सालचे वैद्यकीय देखभाल नियम. आधी पैसे स्वतः भरायचे. मग बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड सगळं जोडून प्रस्ताव करायचा आणि तो जिल्हा शल्य चिकित्सकांकडून तपासून घ्यायचा. साखरखेर्ड्याच्या माणसाला त्यासाठी चिखलीवरून बुलढाणा गाठावं लागतं. एका खेपेत दिवस मोडतो आणि एखादी सही राहिली की दुसरी खेप. मंजुरी मिळाली तरी पैसे हातात पडतात ते अनुदान आल्यावर. खाजगी रुग्णालयातल्या उपचारांसाठी आकस्मिक आणि गंभीर आजारांची यादी 2005 च्या शासन निर्णयात दिलेली आहे. शुगरच्या महिन्याच्या गोळ्या मेडिकलमधून घेतल्या आणि बिल लावलं, असं त्यात बसत नाही.

पगारातून गट विम्याची कपात होते म्हणून आपला आरोग्य विमा आहे, असंही अनेकजण धरून चालतात. 1982 ची ती योजना जीवन विमा आणि बचतीची आहे. अपघात विम्याची वर्षातून एकदा होणारी कपातही अपघातापुरतीच. दवाखान्यात भरती झालात तर या दोन्हींचा उपयोग नाही. उलट ज्या योजनेकडे सरकारी माणूस ‘ती गरिबांची’ म्हणून ढुंकूनही पाहत नाही, त्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती जुलै 2023 च्या निर्णयाने राज्यातल्या सगळ्या कुटुंबांपर्यंत नेली आहे आणि संरक्षण दीड लाखावरून 5 लाखांवर गेलं आहे.

आता तपासणीकडे येऊ. 2022 च्या निर्णयानुसार 40 ते 50 वयाच्या राज्य सरकारी कर्मचाऱ्याला दोन वर्षांतून एकदा आणि 51 पासून दरवर्षी ठरलेल्या चाचण्यांसाठी 5,000 रुपयांपर्यंत खर्च मिळतो. हा तिजोरीवर मोठा बोजा आहे असं म्हणणाऱ्यांनी साधा हिशेब करावा. चाळिशीपासून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत एका माणसाच्या अशा फार तर तेरा-चौदा तपासण्या होतील. म्हणजे अठरा वर्षांत पासष्ट-सत्तर हजार. खाजगीत एकदा अँजिओप्लास्टी झाली की बिल लाखाच्या पुढे जातं.

पण या तुलनेवरूनच सगळ्यात घट्ट गैरसमज उभा राहतो: तपासणी शिबिरं, योग, आहाराची व्याख्यानं यांवर खर्च करा, तो दुपटी-तिपटीने वसूल होईल. हा समज जगभर पसरला, त्यामागे 2010 चा एक अमेरिकी अभ्यास होता. कॅथरिन बेकर, डेव्हिड कटलर आणि झिरुई साँग यांनी आधीच्या अभ्यासांची बेरीज करून मांडलं, की अशा कार्यक्रमावर एक डॉलर घातला तर उपचारांवरचे सव्वातीन आणि गैरहजेरीचे पावणेतीन डॉलर वाचतात. पुढे बेकर आणि साँग यांनीच हा प्रश्न नीट कसाला लावला. बीजेज होलसेल क्लब या दुकान-साखळीच्या 160 ठिकाणांतली 20 ठिकाणं अशा कार्यक्रमासाठी चिठ्ठी टाकावी तशी निवडली आणि जवळपास 33,000 कर्मचाऱ्यांची तुलना केली. 2019 मध्ये निकाल आला. कार्यक्रम मिळालेले लोक जास्त व्यायाम करतो म्हणत होते, वजनाकडे लक्ष देत होते. मात्र रक्तदाब, कोलेस्टेरॉल, उपचारांचा खर्च, रजा यांत दीड वर्षानंतर ठळक फरक नव्हता. स्वतःचाच जुना निष्कर्ष असा तपासून पाहणाऱ्या संशोधकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

इलिनॉयच्या सरकारी विद्यापीठात 2016 पासून सुमारे 5,000 कर्मचाऱ्यांवर झालेला प्रयोग आपल्याला जास्त जवळचा. तिथेही खर्च घटला नाही, आणि कारणाचा एक धागा सापडला. कार्यक्रमात जे स्वतःहून आले ते मुळातच दवाखान्याचा खर्च कमी असलेले, बऱ्या तब्येतीचे लोक होते. आपल्याकडे वेगळं काय होतं? उपाशीपोटी रक्त द्यायला सकाळी लवकर पोचतो तो रोज पहाटे फिरायला जाणारा. दोन सज्ज्यांचा चार्ज सांभाळणारा तलाठी, आताच्या नावाने ग्राम महसूल अधिकारी, पंचनाम्याच्या दिवसांत शिवारात असतो. रात्रपाळी करून आलेला पोलीस घरी झोपलेला असतो. ज्याच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधायला हवा, तोच रांगेत नसतो.

म्हणून तपासणी करूच नये असं नाही. लपलेली शुगर वेळेत कळली तर एका घरातला कमावता माणूस वाचतो, आणि एवढं कारण मला पुरेसं वाटतं. तिजोरीच्या बचतीचं आश्वासन मात्र त्याला जोडू नये. दोन वर्षांत बचत दिसली नाही की पहिली कात्री याच खर्चाला लागते. चाळिशीच्या आतल्यांनी थांबायचंही कारण नाही. तिशीपुढच्या कोणाचाही बीपी आणि शुगर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासतात, आणि 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क आहेत.

मोठा खर्च वेगळ्याच जागी आहे: कामाचे तास कमी करण्यात. मे 2016 मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात बारा तासांऐवजी आठ तासांची ड्यूटी सुरू झाली. कल्पना एका पोलीस शिपायाची, रवींद्र पाटील यांची. शिबिर नाही, व्याख्यान नाही, फक्त घरी जायची वेळ बदलली. पण हिशेब मांडा: बारा तासांच्या दोन पाळ्यांत एका जागेला दोन माणसं लागतात, आठ तासांच्या तीन पाळ्यांत तीन. मुंबईत हे जमवताना मनुष्यबळाचा मेळ घालावा लागला. साखरखेर्ड्यासारख्या ग्रामीण ठाण्यात यात्रेचा बंदोबस्त, समन्स, रात्रीची गस्त हे सगळं त्याच मोजक्या माणसांवर येतं. तिथे तो तिसरा माणूस म्हणजे एक मंजूर पद, त्याचा पगार, त्याचं निवृत्तिवेतन. आरोग्य तपासणीच्या बजेटमध्ये हा आकडा कुठेच दिसत नाही.