विश्लेषण : कॉन्टॅक्ट लेन्स लावून ट्रायथलॉन… डोळ्यांना धोका कशाचा?

मालाडहून मार्वेमार्गे मढकडे जाणारा रस्ता, आरे वसाहत, बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि महापालिकेचे जलतरण तलाव… पश्चिम उपनगरांतील हौशी ट्रायथलॉनपटूंचा सराव याच पट्ट्यात चालतो. पोहणे, सायकल आणि धावणे एकामागोमाग करायचे असल्याने चष्मा अडचणीचा वाटतो आणि अनेक जण कॉन्टॅक्ट लेन्सकडे वळतात. सायकलवर आणि धावताना लेन्स सोयीची ठरते. पाण्यात मात्र तीच लेन्स गंभीर संसर्गाचे कारण ठरू शकते.

ट्रायथलॉनपटूंना लेन्स का हवीशी वाटते?

ऑलिम्पिकच्या अंतरात १.५ किमी पोहणे, ४० किमी सायकल आणि १० किमी धावणे असते. गोव्यात २०१९ पासून होणाऱ्या ‘आयर्नमॅन ७०.३’ स्पर्धेत १.९ किमी समुद्रात पोहून ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावावे लागते. मुंबईच्या दमट हवेत चष्म्याच्या काचांवर वाफ धरते, घामाने तो नाकावरून घसरतो आणि फ्रेमबाहेरचे धूसर दिसते. सायकल चालवताना मागून, बाजूने येणारी वाहने दिसण्यासाठी कडेची नजर महत्त्वाची असते. लेन्स लावल्यावर हे प्रश्न उरत नाहीत.

चष्म्याविना चालवून घेणेही सर्वांना शक्य नसते. नंबर उणे दोन असेल, तर अर्ध्या मीटरपलीकडचे धूसर होऊ लागते. उणे चार असेल, तर हे अंतर जेमतेम २५ सेंटिमीटर. अशा नजरेने ताशी ३० किमी वेगाने रस्त्यावरचा खड्डा टिपणे अवघड.

मग पाण्यात नेमके काय बिघडते?

मऊ लेन्स स्पंजासारखी पाणी धरून ठेवते. त्या पाण्यातील जंतू लेन्सला चिकटतात आणि कॉर्नियाजवळ, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याजवळ, तासन्‌तास राहतात. लेन्समुळे कॉर्नियावर बारीक ओरखडे असतील, तर त्यांना आत शिरायला वाट मिळते. एरवी अश्रू आणि पापण्यांची उघडझाप डोळा धुऊन काढतात. लेन्सखाली ही सफाई नीट होत नाही.

दुसरी अडचण क्षारांची. तलावाचे पाणी अश्रूंपेक्षा कमी खारट असते. त्यामुळे मऊ लेन्स आवळते आणि डोळ्याला घट्ट चिकटते. ती लगेच ओढून काढली, तर कॉर्नियाचा वरचा थर खरवडला जाऊ शकतो. कडक, म्हणजे आरजीपी लेन्सचे उलटे होते. आकाराने लहान असल्याने ती पाण्यात सहज निसटून जाते.

सर्वाधिक भीती कोणत्या जंतूची?

‘अकँथअमीबा’ या एकपेशीय जीवाची. तो माती, तळी, समुद्र, जलतरण तलाव आणि नळाच्या पाण्यातही आढळतो. परिस्थिती प्रतिकूल झाली, की तो स्वतःभोवती कठीण कवच करतो. तलावात नेहमी टाकल्या जाणाऱ्या क्लोरिनने हे कवच मरत नाही. त्याचा संसर्ग विरळा असला, तरी उपचार अनेक महिने चालतात. सुरुवातीला थेंब तासातासाला घालावे लागतात. उशीर झाला, तर कॉर्नियावर कायमचा डाग राहू शकतो आणि कॉर्निया बदलण्याची वेळही येऊ शकते. ‘स्यूडोमोनास’ हा जिवाणू त्याहून घाईचा आहे. तो एक-दोन दिवसांतच मोठी जखम करू शकतो.

पाश्चात्त्य देशांत ‘अकँथअमीबा’चे बहुतेक रुग्ण लेन्स वापरणारे असतात. भारतात मात्र डोळ्यात माती, कचरा किंवा दूषित पाणी जाऊनही अनेकांना हा संसर्ग होतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेच्या अभ्यासांत लेन्स न वापरणाऱ्यांची संख्याच जास्त आढळली आहे. पावसाळ्यात चिखल उडवत सायकल चालवणाऱ्यांनी, लेन्स नसली तरी, डोळे झाकणारा गॉगल वापरावा तो याचसाठी.

धोका फक्त समुद्राचा आहे का?

नाही. आक्सा किंवा मढच्या समुद्रात न उतरणाऱ्यालाही तो आहे. मुंबईतील बहुतेक सोसायट्यांत पाणी आधी जमिनीखालच्या आणि मग गच्चीवरच्या टाकीत साठते. ब्रिटनमध्ये या संसर्गाचा संबंध घरांतील साठवणीच्या टाक्यांशी जोडला गेला होता. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातील रुग्णांवर आधारित आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लेन्स घालून शॉवर घेणाऱ्यांत ‘अकँथअमीबा’ संसर्गाची शक्यता तिपटीहून अधिक आढळली. पुन्हा पुन्हा वापरायच्या लेन्समध्ये ती रोज फेकायच्या लेन्सच्या तुलनेत जवळपास चौपट होती. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासनही लेन्सला नळाचे, बाटलीतले, तलावाचे वा समुद्राचे असे कोणतेच पाणी लागू देऊ नये, असे सांगते. म्हणजे सरावानंतर लेन्स लावूनच केलेली अंघोळ आणि नळाखाली धुतलेली लेन्सची डबी याही चुकाच.

पोहताना पर्याय काय?

सर्वांत सोपा पर्याय नंबरच्या पोहण्याच्या गॉगलचा. हे गॉगल साधारण अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने तयार मिळतात. त्यात सिलिंडरचा नंबर सहसा नसतो. अशा वेळी सिलिंडरचा निम्मा भाग मूळ नंबरात मिळवतात. उदाहरणार्थ, उणे तीन नंबर आणि उणे एक सिलिंडर असल्यास उणे साडेतीनचा गॉगल चालू शकतो. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील, तर सुटे भाग जोडून मिळणारा गॉगल घ्यावा. समुद्रात दिशा दाखवणारे मोठे नारिंगी-पिवळे बॉये दिसण्यापुरती ही नजर पुरते. नंबर उणे दीडच्या आत असेल, तर अनेकांचे साध्या गॉगलवरही भागते.

लेसर शस्त्रक्रिया हाही मार्ग आहे. मात्र त्यासाठी वय १८ च्या पुढे, नंबर स्थिर आणि कॉर्नियाची जाडी पुरेशी असावी लागते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे पोहणे बंद ठेवावे लागते. त्यामुळे स्पर्धेच्या तोंडावर ती करणे सोयीचे नाही.

स्पर्धेच्या दिवशी काय करावे?

पाण्यातून बाहेर आल्यावर ‘ट्रान्झिशन’मध्ये लेन्स लावण्याचा बेत टाळावा. हात खारट आणि सनस्क्रीन लागलेले असतात, तिथे साबणाने हात धुण्याची सोय नसते आणि घड्याळ पळत असते. त्यापेक्षा नंबरचा स्पोर्ट्स चष्मा उलट्या ठेवलेल्या हेल्मेटमध्ये उघडून ठेवावा. सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावणे नियमाने बंधनकारक आहे. त्यामुळे चष्मा तिथे हमखास हाताशी येतो. स्पर्धेआधी हा क्रम सरावात चार-पाच वेळा करून पाहावा.

तरीही लेन्सच वापरायची असेल तर?

स्पर्धेच्या नियमांत लेन्सला बंदी नाही. पण ती रोज फेकायची मऊ लेन्स असावी आणि वर घट्ट बसणारा गॉगल हवा. सुरुवातीच्या गर्दीत हात-पाय लागून गॉगल निघतो. म्हणून एक टोपी, त्यावर गॉगलचा पट्टा आणि त्यावर स्पर्धेची टोपी, अशी रचना करावी. सरावात पोहून झाल्यावर २०-३० मिनिटे थांबून, डोळ्यांत निर्जंतुक थेंब घालून, स्वच्छ कोरड्या हातांनी लेन्स काढावी आणि फेकून द्यावी. स्पर्धेत तीच लेन्स पुढचे काही तास डोळ्यात राहते. नेमका हाच या पर्यायाचा धोका आहे. शेवटची रेषा ओलांडल्यावर पदकाच्या फोटोआधी ती काढणे बरे. जादा जोडी आणि चष्मा बॅगेत असावाच.

डॉक्टरांकडे कधी जावे?

लेन्स काढूनही डोळा लाल राहिला, उजेड सहन होईना, पाणी वाहू लागले, धूसर दिसू लागले किंवा लालीच्या मानाने दुखणे फारच जास्त असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि लेन्स घालून पोहल्याचे आवर्जून सांगावे. हा संसर्ग सुरुवातीला ‘हर्पिस सिम्प्लेक्स’ विषाणूच्या संसर्गासारखा दिसू शकतो. त्यामुळे ही माहिती निदानासाठी मोलाची ठरते. काढलेली लेन्स आणि डबी सोबत न्यावी, त्यावरून तपासणी करता येते. औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचे थेंब मात्र परस्पर घेऊ नयेत. त्यांनी लाली कमी होते, पण आतला संसर्ग वाढू शकतो.