पुडी आणायला कोण जातं?

कळंब तालुक्यातल्या येरमाळ्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 52 धाराशिव, तुळजापूर, सोलापूर करत पुढं कर्नाटकात विजयपूरला पोचतो. या एकाच रस्त्यावर तंबाखू विकत घेण्याची आता दोन वयं झाली आहेत. सीमेच्या अलीकडं 18, पलीकडं 21. कर्नाटकनं मे 2025 मध्ये सुधारित कायदा लागू केला, सुट्या सिगारेटी बंद केल्या आणि दोनशे रुपयांचा दंड हजारावर नेला. ज्या निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांसाठी शरद जोशींनी 1981 मध्ये आंदोलन उभं केलं, त्या मराठी बोलणाऱ्या गावालाही आता हाच नियम आहे.

महाराष्ट्रानंही वय वाढवावं का? वाढवावंच. आपल्याकडं बिअरला 21, दारूला 25 आणि ज्या वस्तूनं तोंडाचा कर्करोग होतो तिला 18, हा हिशेब कुणाला पटेल? अमेरिकेतल्या नीडहॅम नावाच्या छोट्या गावानं 2005 मध्ये स्वतःच्या अधिकारात हे वय 21 केलं. शेजारची गावं 18 वरच होती. पुढच्या चार-पाच वर्षांत तिथल्या शाळकरी मुलांमधलं धूम्रपान 13 टक्क्यांवरून 7 वर आलं. शेजारी ते 15 वरून 12 पर्यंतच उतरलं. अखेर डिसेंबर 2019 मध्ये सगळ्या देशालाच 21 मान्य करावं लागलं.

पण नीडहॅमचं पोरगं दुकानात जायचं ते स्वतःच्या सिगारेटसाठी. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के आढळले आणि चघळायची, लावायची तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. मराठवाड्यात तंबाखू म्हणजे पुडी, चुन्याची डबी आणि आजीची मिश्री. ही मिश्री घरातच तव्यावर भाजली जाते, तिचा उग्र वास सकाळी गल्लीभर पसरतो आणि तिच्यासाठी लागणारी तंबाखू असो की आज्याची पुडी, आणायला पाठवतात ते घरातल्या लहानग्याला. "जा रे, आज्याला पुडी आण, उरलेल्या पैशाचं चॉकलेट घे." तंबाखूशी पोराची ओळख होते ती अशी, आणि वर बक्षीसही मिळतं.

कायद्याच्या नजरेत ही विक्री आजही गुन्हाच आहे. 2003 च्या केंद्रीय तंबाखू कायद्याचं कलम 6 पुडी कुणासाठी हवी ते विचारत नाही, ती कुणाच्या हातात दिली एवढंच बघतं. दंड मात्र फार तर दोनशे. उलट 2015 च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे. एका कृत्याला एकीकडं दोनशे रुपये आणि दुसरीकडं सात वर्षं! एवढी मोठी शिक्षा गावातल्याच टपरीवाल्याला व्हावी म्हणून तक्रार कोण करणार? आणि येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत चुनखडी वेचायला लाखो माणसं लोटतात, पालं आणि हातगाडे लागतात, तिथं कोण कुणाचं वय विचारणार?

टपरी नीट बघा. वर पुड्यांची माळ, खाली बिस्किटांची बरणी, शेजारी चिक्की आणि गोळ्या. सगळं पोराच्या नजरेच्या टप्प्यात. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं 2017 मध्येच राज्यांना पत्र लिहून सांगितलं होतं की तंबाखू विकणाऱ्याला स्थानिक संस्थेचा परवाना असावा, आणि परवाना घेणाऱ्यानं त्या दुकानात बिस्किटं, गोळ्या, चिप्स ठेवू नयेत. मला ही सूचना वय 21 करण्यापेक्षाही मोलाची वाटते. परवाना असला की तो रद्द होण्याची भीती राहते. आज ती कशाची राहणार? आणि बिस्किटाला आलेलं पोर पुड्यांच्या माळेखाली उभंच राहणार नाही.

गाव मनावर घेतं तेव्हा काय होतं, ते गडचिरोलीत दिसलं आहे. डॉ. अभय बंग यांच्या पुढाकारानं 2016 पासून चाललेल्या 'मुक्तिपथ' मोहिमेत गावोगावच्या बायांनी संघटना बांधून दारूबरोबर तंबाखूविक्रीही गावाबाहेर काढायचे निर्णय घेतले. टपरीवाल्याशी बोलणं, पंधरा दिवस मुदत देणं, मग पुन्हा जाणं, हे काम पोलिसापेक्षा शेजारीण जास्त चांगलं करते.

वय 21 करायचं तर विधिमंडळात दुरुस्ती आणि मग राष्ट्रपतींची संमती. कर्नाटकला यात सव्वा वर्ष गेलं. आपणही ती वाट धरावी. तोवर कळंब तालुक्यातल्या ग्रामसभांना एवढं करता येईल: तंबाखूची टपरी आणि खाऊचं दुकान वेगळं करायचा ठराव घ्यायचा, शाळेपासून शंभर यार्डांची पिवळी रेघ खरंच मोजून मारायची, आणि आज्यानं आपली पुडी आपणच आणायची, हे घराघरात सांगायचं.